बारगीराची सरदारी



ज्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयाचे, राज्यशास्त्राचे आणि इतिहासाचे विवेचन झाले, त्याच व्यासपीठावरून चेंडूफळीच्या एका कप्तानाविषयी तासभर बोलण्याची मुभा व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिली, यात त्यांचे औदार्य जितके आहे तितकेच साहसही आहे. कारण खेळ हा वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाचा विषय, ही आपल्याकडील विद्वानांची समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. परंतु ज्या गृहस्थाविषयी मी बोलणार आहे, त्याच्या चरित्राचे मर्म मला खेळावरील ग्रंथांपेक्षा आपल्या मराठेशाहीच्या दप्तरातील दोन शब्दांनी अधिक उलगडले, म्हणून प्रारंभही त्या शब्दांपासूनच करतो.

ते शब्द म्हणजे शिलेदार आणि बारगीर. स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन जो चाकरीस येई तो शिलेदार. आणि ज्याच्या मांडीखालचा घोडा सरकारी पागेतला, हातातले हत्यार सरकारातून मिळालेले आणि पोट दरमहाच्या वेतनावर, तो बारगीर. रणात शत्रूची तलवार दोघांवरही सारखीच पडे. परंतु छावणीत दोघांचा मान निराळा, आणि जबाबदारीही निराळी, कारण शिलेदाराचा घोडा पडला तर नुकसान त्याचे स्वतःचे होई, बारगीराचा पडला तर त्याचा हिशेब सरकारात द्यावा लागे. इंग्लंडातील क्रिकेटमध्ये हाच भेद दीडशे वर्षांहून अधिक काळ निष्ठेने पाळला गेला. एक वर्ग हौशी खेळाडूंचा, त्यांना 'जंटलमन' म्हणत. दुसरा धंदेवाईकांचा, त्यांना नुसते 'प्लेअर' म्हणत. या दोन वर्णांमध्ये १८०६ पासून सामने होत आले. एकाच संघातून खेळताना दोघांची कपडे बदलण्याची दालने निराळी, कित्येक मैदानांवर तर आत उतरण्याची फाटकेही निराळी असत. आणि छापील धावपत्रकात हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावापूर्वी येत, धंदेवाईकाची आडनावानंतर. १९५० साली लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस या तरुण धंदेवाईकाची आद्याक्षरे चुकून आडनावापूर्वी छापली गेली, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना त्याची रीतसर दुरुस्ती कळविण्यात आली होती. पेशवाईत पत्राचा मायना चुकला म्हणजे खलिता परत येई म्हणतात. त्याचीच ही आवृत्ती. आता हौशी म्हणजे निर्लोभ, असा कोणी समज करून घेऊ नये. हौशी वर्गाचे मुकुटमणी डॉ. ग्रेस यांनी खर्चाच्या आणि सन्मानाच्या नावाखाली खेळातून जी प्राप्ती केली, ती त्या काळच्या बहुतेक धंदेवाईकांना स्वप्नातही दिसली नसेल.

या व्यवस्थेत कप्तानपद अर्थातच शिलेदाराचे. एकोणिसाव्या शतकात लिलीव्हाइट, शॉ, श्रूजबरी हे धंदेवाईक आपापली पथके घेऊन समुद्रापार गेले हे खरे. परंतु पुढे इंग्लंडच्या संघाची सूत्रे धंदेवाईकाच्या हाती द्यावयाची नाहीत हा अलिखित कायदाच होऊन बसला, आणि १९२५ मध्ये यॉर्कशायरचे सर्वाधिकारी लॉर्ड हॉक यांनी तर जाहीर सभेत परमेश्वराला साकडे घातले की, इंग्लंडला धंदेवाईक कप्तान कधीही न मिळो. परमेश्वराने ही प्रार्थना सत्तावीस वर्षे मानली, आणि नंतर लॉर्डसाहेबांच्याच परगण्यातला मनुष्य उचलून त्या जागी बसविला. त्याचे नाव लेन हटन.

हटन यांचा जन्म २३ जून १९१६ रोजी यॉर्कशायरमधील पुडसीजवळच्या फुलनेक या वस्तीत झाला. ही वस्ती मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी वसविलेली. साधी राहणी, मितभाषण आणि कामात चोखपणा ही तेथली शिकवण, आणि वडील घरे बांधण्याचा धंदा करणारे. या मनुष्याच्या फलंदाजीत जो एकेक वीट पारखून लावण्याचा गुण पुढे जगाने पाहिला, त्याचे मूळ मी येथेच शोधतो. कोणी यास कविकल्पना म्हटले तरी माझी हरकत नाही. पुडसी गावाचे आणखी एक भाग्य असे की, थोर सलामीचे फलंदाज हर्बर्ट सटक्लिफ हेही तेथेच वाढलेले. १९२७ मध्ये यॉर्कशायरच्या समितीने या सटक्लिफना, म्हणजे एका धंदेवाईकाला, परगण्याचे कप्तानपद देऊ केले, तेव्हा एवढा गहजब झाला की त्या विवेकी गृहस्थाने, आपण कोणत्याही कप्तानाच्या हाताखाली आनंदाने खेळू असे कळवून, तो मान सविनय परत केला. हटन त्या वेळी अकरा वर्षांचे होते. गावातील सर्वांत थोर पुरुषाला मिळालेली सनद गावाच्या डोळ्यांदेखत परत जाते, हे दृश्य त्या मुलाच्या मनावर काही रेघ उमटवून गेले नसेल, असे मला मानवत नाही.

१९३४ साली, वयाच्या अठराव्या वर्षात, हटन यॉर्कशायरकडून प्रथम खेळले आणि शून्यावर धावचीत झाले. १९३७ मध्ये लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले, तेथे धावा ० आणि १. पुढच्याच कसोटीत मात्र त्यांनी शतक काढले. आणि १९३८ च्या ऑगस्टमध्ये, ओव्हलच्या मैदानावर, या बावीस वर्षांच्या पोराने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३ तास १७ मिनिटे खेळपट्टी न सोडता ३६४ धावा केल्या. इंग्लंडने ७ बाद ९०३ वर डाव सोडला. तो विक्रम पुष्कळांच्या मुखोद्गत आहे, म्हणून मी त्याच्या वर्णनात शिरत नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते त्या दिवशीच्या इंग्लंडच्या कप्तानाकडे. वॉली हॅमंड हे १९३७ अखेरपर्यंत धंदेवाईक होते. एका व्यापारी पेढीत जागा मिळताच त्यांनी आपण हौशी झाल्याचे जाहीर केले, आणि लगोलग इंग्लंडचे कप्तानपद त्यांच्याकडे चालत आले. मनुष्य तोच, बॅटही तीच. केवळ आद्याक्षरे आडनावाच्या अलीकडे आली. कसोटीतला सर्वोच्च धावांचा विक्रम तोपर्यंत याच हॅमंडच्या नावावर होता, नाबाद ३३६ चा. आणि तो त्यांच्याच हाताखालच्या बारगीराने त्यांच्याच समक्ष मोडला. कप्तान होण्याचा हॅमंडी मार्ग हटननाही मोकळा असता. त्यांनी तो कधीच धरला नाही, आणि या न धरण्यातच मला त्यांच्या स्वभावाचा कणा दिसतो.

मग युद्ध आले. १९४१ च्या मार्चमध्ये सैन्याच्या व्यायामशाळेत शिक्षण घेत असताना हटन पडले, डाव्या हाताचे हाड मोडले आणि मनगट निखळले. पायांतील हाडाचे तुकडे काढून हातात बसविण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि अखेर जो हात मिळाला तो उजव्यापेक्षा सुमारे दोन इंच आखूड होता. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा हात म्हणजे त्याचे सुकाणू. ते असे आखूड झाल्यावर त्या मनुष्याने आपले शास्त्र पुन्हा मुळापासून रचले, काही फटके कायमचे वर्ज्य केले, आणि त्या सामग्रीनिशी लिंडवॉल व मिलर या ऑस्ट्रेलियन तोफखान्याला पाच वर्षे तोंड दिले. १९४८ च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडचा सारा संघ ५२ धावांत गारद झाला, त्यांपैकी ३० हटनच्या, आणि बाद होण्यात त्यांचा क्रम अखेरचा. त्याच मोसमात एका कसोटीतून निवडसमितीने त्यांना वगळलेही होते! या पाच वर्षांत, दुसऱ्या टोकाला एकामागून एक सहकारी कोसळताना पाहत असता, त्यांच्या मनात एक सिद्धांत पक्का झाला: कसोटी जिंकून देतो तो द्रुतगती गोलंदाज, कलाकुसर नंतरची.

१९५२ मध्ये निवडसमितीने त्यांना कप्तान नेमले, आणि आम्हां भारतीयांच्या दृष्टीने या कथेचे अगत्य येथे सुरू होते; कारण या बारगीराने सरदारीची पहिली चाकरी बजावली ती आपल्याविरुद्ध. ५ जून १९५२ रोजी लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर, म्हणजे हटनच्या घरच्या अंगणात, सामना सुरू झाला. आपले कप्तान विजय हजारे: सांगलीत जन्मलेले, बडोदे संस्थानाच्या आश्रयाने वाढलेले, हटनइतकेच अबोल आणि हटनइतकेच चिवट. पहिल्या डावात वीस वर्षांच्या विजय मांजरेकरांनी १३३ आणि हजाऱ्यांनी ८९ धावा काढून २२२ धावांची जी भागीदारी केली, तिने इंग्रजांच्या या नव्या प्रयोगाचे पहिलेच पान काळवंडते की काय असे वाटू लागले होते. परंतु दुसऱ्या डावात हटननी नवा चेंडू दिला तो फ्रेड ट्रूमन नावाच्या, खाणकामगाराच्या घरी वाढलेल्या आणि त्या वेळी विमानदलात सक्तीची नोकरी करणाऱ्या यॉर्कशायरच्या पोराच्या हाती. पहिल्या चौदा चेंडूंत रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर असे चौघेही शून्यावर परतले, आणि धावफलकावर ४ बाद ० असा, कसोटीच्या इतिहासाने पूर्वी न पाहिलेला आकडा लागला. त्या फलकाचे छायाचित्र आपल्याकडे एका पिढीने लाजेने पाहिले. हजारे व फडकर यांनी नंतर १०५ धावांची भागीदारी करून अब्रू राखली, हे मात्र त्या छायाचित्रात दिसत नाही, आणि छायाचित्रांचा हा दोष जुनाच आहे. पुढे मँचेस्टरला तर एकाच दिवसात आपले दोन डाव, ५८ आणि ८२, आटोपले. ट्रूमनने ३१ धावांत ८ बळी घेतले, आणि हटननी जवळजवळ सारे क्षेत्ररक्षक फलंदाजाच्या पाठीशी कोंडाळे करून उभे केले होते.

येथे क्षणभर विषयांतर करतो. हटनच्या नेमणुकीने इंग्लंडात जी खळबळ उडाली तिला हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? १९३२ च्या आपल्या पहिल्या कसोटी दौऱ्याचे कप्तान पोरबंदरचे महाराज, १९३६ चे विजयानगरमचे महाराजकुमार. पैकी पोरबंदरकरांनी आपला वकूब ओळखून कसोटीच्या दिवशी सी. के. नायडूंना पुढे केले, हा त्यांचा मोठेपणा. विजयानगरमकरांना तशी ओळख पटल्याचे दिसत नाही. त्याहूनही मागे जा. पुण्यातील साहेबांच्या क्लबात पगारावर गोलंदाजी करून जे घडले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ज्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, ते पळवणकर बाळू यांची हिंदू संघाच्या कर्णधारपदी नेमणूक कधीच झाली नाही, कारण तेथे आद्याक्षरांऐवजी जात पाहिली जात होती. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये त्या जागी बसले, म्हणजे हटनच्या एकोणतीस वर्षे आधी. आद्याक्षरांची उलथापालथ करून हॅमंडला शिलेदार होता आले. बाळूंना तीही सोय नव्हती. आणि १९५२ च्याच दौऱ्याची गोष्ट: विनू मंकड यांना आपल्या मंडळाने निवडीचे आश्वासन दिले नाही म्हणून त्यांनी लँकेशायरमधील हॅसलिंग्डन क्लबाशी करार केला, आणि लीड्सच्या पराभवानंतर त्याच क्लबाकडे रदबदली करून त्यांना सोडवून आणावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि एका डावात ७३ षटके टाकली. पगारी मनुष्याला गरजेपुरते बोलवावे, ही रीत केवळ इंग्रजांची नव्हती.

हटनकडे वळतो. १९५३ मध्ये पाचही नाणेफेकी हरून, चार कसोट्या अनिर्णित राखून, १९ ऑगस्ट रोजी ओव्हलवर त्यांनी ऑस्ट्रेलियाकडून 'अ‍ॅशेस' परत आणल्या, जवळजवळ एकोणीस वर्षांनी. राणीच्या राज्याभिषेकाचे वर्ष असल्यामुळे त्या विजयाचे गोडवे पुष्कळ गायले गेले. मला मात्र त्याच्या पुढच्या हिवाळ्यातला वेस्ट इंडीजचा दौरा अधिक बोलका वाटतो. पहिल्या दोन्ही कसोट्या हरल्या होत्या. तिसरीत, जॉर्जटाउनला, हटननी १६९ धावा केल्या. मग यजमानांचा एक फलंदाज धावचीत दिला गेला तेव्हा प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्या आणि खोकी यांचा वर्षाव केला. संघ आत न्यावा असा सल्ला यजमान अधिकाऱ्यांनीच दिला. हटननी तो नाकारला, कारण त्यांना त्या संध्याकाळी आणखी एकदोन बळी हवे होते. शौर्याची ही जात मला फार आवडते. हिच्यात आविर्भाव नाही. कामाची वेळ संपलेली नाही, एवढेच तिचे कारण. शेवटच्या कसोटीत किंग्स्टनला त्यांनी सुमारे नऊ तास खेळून २०५ धावा काढल्या आणि मालिका २-२ अशी सोडविली. परंतु चहापानास परतताना, थकून डोळे मिटत आलेल्या अवस्थेत, अभिनंदनासाठी उभे असलेले जमैकाचे मुख्यमंत्री बुस्तामांते यांच्याकडे त्यांचे पुरते लक्ष गेले नाही, आणि द्विशतकाचा आनंद बाजूला राहून माफीचे प्रकरण उद्भवले. शिलेदाराच्या हातून असे झाले असते तर त्यास विसराळूपणा म्हटले असते. बारगीराच्या हातून झाले म्हणून तो उर्मटपणा ठरला.

लगेचच, १९५४ च्या उन्हाळ्यात, हटन आजारी पडताच दोन कसोट्यांसाठी डेव्हिड शेपर्ड यांना कप्तान करण्यात आले आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरही तेच जावेत अशी चळवळ सुरू झाली. शेपर्ड केंब्रिजचे, हौशी, धर्मोपदेशकाची दीक्षा घेण्याच्या बेतात असलेले, आणि सर्वस्वी सज्जन. त्यांना बोल नाही. पण जो एकही मालिका हरला नाही आणि ज्याने अ‍ॅशेस आणल्या, त्याची सनद एका आजारपणात फेरतपासणीस निघते, यावरून ती सनद कोणत्या शाईने लिहिली होती ते कळते. अखेर नेमणूक हटनचीच कायम झाली. हटन अतिसावध होते, षटके मुद्दाम सावकाश टाकवीत, डाव उदारपणे सोडीत नसत, अशी टीका इंग्रज लेखकांनी भरपूर केली आहे आणि तीत तथ्यही आहे. प्रेक्षकांचा वेळ त्यांनी बेहिशेबी खर्चिला, हे मीही मान्य करतो. परंतु त्या टीकाकारांनी आपले पागेतले दप्तर वाचले असते तर त्यांना हा सावधपणा इतका अगम्य वाटला नसता. ज्याला घोड्याचा जाब द्यावयाचा आहे, तो मनुष्य घोडा खंदकावरून उडवून दाखवीत नाही.

एकदा मात्र त्यांनी उडविला. ब्रिस्बेनला, पहिल्याच कसोटीत, नाणेफेक जिंकून त्यांनी ऑस्ट्रेलियाला खेळावयास बोलाविले, चार द्रुतगती गोलंदाज घेऊन आणि एकही निष्णात फिरकी गोलंदाज न घेता. ऑस्ट्रेलियाने ८ बाद ६०१ केल्या आणि इंग्लंड एक डाव व १५४ धावांनी हरले. त्यानंतर सिडनीला जे घडले त्यात मला हटन अवघड जातात. अ‍ॅलेक बेडसर हा वर्षानुवर्षे इंग्लंडचा भार वाहिलेला गोलंदाज, नुकताच आजारातून उठलेला. त्याला हटननी वगळले, आणि ही गोष्ट त्याला कळली ती दालनाच्या दारावर लावलेल्या यादीवरून. निर्णय बरोबर होता असे फळावरून म्हणता येईल: फ्रँक टायसन, लिंडवॉलचा उसळता चेंडू डोक्यावर खाऊन कोसळलेला असतानाही, परत आला, त्याने सामन्यात दहा बळी घेतले आणि इंग्लंड ३८ धावांनी जिंकले, मेलबर्नला त्याने २७ धावांत ७ गडी टिपले आणि मालिका ३-१ अशी हाती आली. तरी पण स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांनी लावलेल्या याद्या वाचीत आलेल्या मनुष्याने, यादी लावण्याची पाळी आपल्यावर येताच, दोन शब्द तोंडाने बोलू नयेत? ट्रूमनचेही तसेच. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर त्याचे वर्तनाबद्दलचे बक्षीस कापले गेले, ऑस्ट्रेलियाला त्याला नेले नाही, आणि ती अढी त्याने जन्मभर बाळगली. आपल्याच परगण्यातल्या, आपल्याच वर्गातल्या पोरासाठी कप्तानाने शब्द खर्चला नाही. बारगीर सरदार झाला म्हणजे बारगीरांचा कैवारी होतोच, असे नाही. कित्येकदा तो पागेचे नियम मूळ धन्याहून काटेकोर पाळतो. याच दौऱ्यात तरुण कॉलिन काउड्रीच्या वडिलांचे निधन झाले, तेव्हा हटननी त्याला वडिलकीच्या मायेने जवळ केले, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे माया नव्हती असे नाही, ती वाटण्याची त्यांची जागा ठरलेली नव्हती.

१९५६ च्या जानेवारीत, पाठीच्या दुखण्याने, ते निवृत्त झाले. कसोटी ७९, धावा ६९७१. कप्तान म्हणून २३ कसोट्या, ११ विजय, ४ पराभव. त्याच वर्षी 'सर' ही पदवी आली. आणि आता या चरित्रातील सर्वांत मौजेची बाब: यॉर्कशायरने त्यांना कप्तान केलेच नाही! इंग्लंडचा कप्तान आपल्या परगण्याच्या मैदानावर नॉर्मन यार्डली या हौशी कप्तानाच्या हाताखाली मुकाट्याने चाकरी करीत राहिला; आणि यार्डलीनंतर ती जागा मिळाली बिली सटक्लिफ यांना, म्हणजे १९२७ मध्ये ज्यांची सनद गावाने परत जाताना पाहिली त्या हर्बर्टच्या चिरंजीवांना, कारण चिरंजीव हौशी होते. धंदेवाईक कप्तान यॉर्कशायरने १९६० मध्ये नेमला, आणि १९६२ च्या मोसमानंतर हौशी-धंदेवाईक हा भेदच इंग्लंडातील क्रिकेटच्या दप्तरातून खोडला गेला.

हटन १९९० च्या सप्टेंबरमध्ये वारले. त्यांचे थोरले चिरंजीव रिचर्ड हे रेप्टन आणि केंब्रिज येथे शिकले, आणि १९७१ च्या ओव्हल कसोटीत आपल्याविरुद्ध त्यांनी ८१ धावा काढल्या; त्या दिवशी इंग्लंडचे कप्तान होते रे इलिंगवर्थ, तेही पुडसीचेच, आणि काही वर्षांचा करार मागितला म्हणून यॉर्कशायरने ज्यांना दरवाजा दाखविला होता ते. आपल्याकडून सलामीस आले होते १९५२ च्या त्या शून्यवाल्या चौघांपैकी माधव मंत्री यांचे भाचे, सुनील गावसकर. इंग्लंडचा दुसरा डाव चंद्रशेखरने १०१ वर गुंडाळला. शेवटच्या दिवशी, २४ ऑगस्टला, आपले कप्तान अजित वाडेकर, मुंबईचे, स्टेट बँकेचे नोकर, सकाळीच धावचीत होऊन परतले आणि अजून शंभराच्या आसपास धावा हव्या असताना दालनात आडवे होऊन झोपी गेले. विजयाची धाव निघाल्यावर त्यांना हलवून जागे करावे लागले, अशी हकीकत सांगितली जाते.